हंगाम आणि हंगामी

'निराशाजनक हंगाम' ही शब्दसंहती मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर इतक्या सैलपणे वापरली जाते की तिच्यात काही अर्थ शिल्लक आहे का, हे तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. संघ चार सामने हरला, गुणतक्त्यात खाली घसरला, प्रशिक्षकाला नारळ मिळाला, की मथळा तयार. महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या बाबतीत हा शब्दप्रयोग चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडच्या क्लबांना निराशाजनक हंगाम येतच नाही. येते ते काहीतरी वेगळेच, आणि त्याला वेगळे नाव द्यायला हवे. मराठीच्या अध्यापकाने फुटबॉलच्या भानगडीत का पडावे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शब्दापासूनच सुरू होते.

'हंगाम' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि शेतकऱ्याने तो पुरता आपला करून टाकला. खरिपाचा हंगाम, रब्बीचा हंगाम, उसाचा गळीत हंगाम, आंब्याचा हंगाम. मराठवाड्यातल्या माणसाला हंगाम वाया जाणे म्हणजे काय, हे कोशात पाहावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीने खडी फोडून काढला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला, आणि 'हंगाम' या एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक पाण्यावाचून वाळणारा आणि एक मैदानावर पाणी मारून हिरवा ठेवला जाणारा, काही दिवस एकमेकांसमोर उभे राहिले. हे जरा विषयांतर झाले. सांगायचे ते असे, की 'औंदा हंगाम गेला' असे म्हणणाऱ्या कुणब्याच्या वाक्यात पुढचा हंगाम गृहीत धरलेला असतो. जमीन जागेवर असते, सातबारा जागेवर असतो, बियाणे उधारीवर आणायचे असते. ज्याने जमीनच विकली तो 'माझा हंगाम वाया गेला' असे म्हणत नाही. त्याच्या अवस्थेला मराठीत दुसरे शब्द आहेत.

आणि याच शब्दापासून मराठीने आणखी एक शब्द घडवला आहे : हंगामी. हंगामी कामगार, हंगामी अध्यक्ष, हंगामी नेमणूक. मूळ शब्दात पुनरावृत्तीची खात्री आहे. त्याच्या विशेषणात मात्र ती नाहीशी होते. पुढे जे म्हणायचे आहे ते या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी आहे.

पुण्याचे उदाहरण घेऊ. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा पुण्याचा म्हणून एक संघ तिच्यात होता : एफसी पुणे सिटी. वाधवान समूहाची मालकी, हृतिक रोशन सहमालक, इटलीतल्या फिओरेन्टिनाशी करार. पहिल्या तीन वर्षांत या संघाला उपांत्य फेरी गाठता आली नाही. २०१७-१८ मध्ये ती गाठली. मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी त्या वर्षी रंगात होती. उपांत्य फेरीत बेंगळुरूने त्यांना हरवले, पण बालेवाडीच्या प्रेक्षकांना पहिल्यांदाच पुढच्या वर्षाविषयी काही अपेक्षा बाळगण्याचे कारण मिळाले होते. पुढचे वर्ष म्हणजे २०१८-१९. त्या मोसमात मिगेल आंगेल पोर्तुगाल या स्पॅनिश प्रशिक्षकाला तीन सामन्यांनंतर काढून टाकण्यात आले. प्रद्युम रेड्डी यांनी तात्पुरती सूत्रे सांभाळली. डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन आले. संघ उत्तरार्धात जरा सावरला आणि दहा संघांत सातवा आला.

इथपर्यंतची हकिकत जगातल्या कुठल्याही क्लबची असू शकते. चांगल्या वर्षानंतर वाईट वर्ष येणे, प्रशिक्षक बदलणे, अखेरीस थोडे सावरणे, आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत घरी जाणे हा फुटबॉलच्या प्रेक्षकाचा नित्यधर्म आहे. पण पुण्याच्या प्रेक्षकाला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता आले नाही. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर क्लब आर्थिक अडचणींमुळे गुंडाळला गेला आणि ऑगस्टअखेर त्याच्या जागी हैदराबाद एफसी नावाचा नवा संघ लीगमध्ये दाखल झाला. फिल ब्राउन हैदराबादला गेले. मार्सेलिन्यो हैदराबादला गेला. आणखीही काही खेळाडू गेले. प्रेक्षक तेवढे जाऊ शकत नव्हते.

गोष्ट इथे संपत नाही. हैदराबादचा तो संघ पहिल्या वर्षी तळाला राहिला, मग मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली सुधारला आणि मार्च २०२२ मध्ये मडगावला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेता झाला. दोन वर्षांत पुन्हा पैशांची चणचण, पुन्हा तळ. आणि २०२५ साली तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला, नावासकट बदलला. म्हणजे पुण्यातली एक रिकामी खुर्ची सहा वर्षांत हैदराबादमार्गे दिल्लीला पोचली. तिच्यावर बसणारे बदलले, रंग बदलले, गावे बदलली. २०१८-१९ चा पुण्याचा 'निराशाजनक हंगाम' कोणाच्या खात्यावर मांडायचा? दिल्लीच्या? या प्रश्नाचे उत्तर कोणाला देता येणार नाही, कारण ज्याला निराश व्हायचे त्याचे नावच पुसले गेले आहे.

पुण्यात हे काही पहिल्यांदा घडले नाही. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी सुरू केला. हा क्लब खरोखर चांगला होता; २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा आला. त्याची अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांत गणली जात असे. २०१४-१५ नंतर मालकांनी तो आवरता घेतला आणि पुढे ती अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली, म्हणजे तिलाही तीनच वर्षांत दुसऱ्यांदा पोरके व्हावे लागले. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ हा एकच मोसम जगला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन मोसम खेळला आणि २०१७ साली बाहेर पडला. एका शहरात पाच वर्षांच्या आत चार क्लब. विद्येचे माहेरघर वगैरे आपण म्हणतो त्या पुण्यात.

या यादीतल्या दोन नोंदींवर थांबायला हवे, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथे उघडा पडतो. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये भारत एफसी शेवटचा, म्हणजे अकरावा आला. खालच्या श्रेणीत ढकलला गेला मात्र दहावा आलेला गोव्याचा डेम्पो. थेट प्रवेश विकत घेतलेल्या उद्योगसमूहाच्या क्लबाला पदावनतीपासून संरक्षण होते. डेम्पो हा तेव्हा पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला क्लब. तो खाली गेला, आणि ज्याच्यामुळे गेला तो भारत एफसी पुढच्या मोसमात अस्तित्वातच नव्हता! पुढच्या वर्षी हेच नाटक पुन्हा झाले. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत शेवटचा आला डीएसके शिवाजियन्स. त्यालाही तेच संरक्षण. खाली गेला आठवा आलेला मिझोरामचा आयझॉल.

म्हणजे लागोपाठ दोन वर्षे पुण्याचे क्लब तळाला राहिले आणि दोन्ही वेळा त्यांच्या अपयशाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. अपयश हे भोगावे लागते तेव्हाच ते अपयश असते. पैसे भरून ज्याला त्यातून सूट मिळते त्याला यशही मिळू शकत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

आणि ज्यांनी ते भोगले त्यांचे काय झाले ते पाहा. २०१६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, संघ कमी पडू लागले आणि खाली गेलेल्या आयझॉलला परत वर घेण्यात आले. त्याच उन्हाळ्यात मुंबई एफसीने आपला सात वर्षांचा प्रशिक्षक खालिद जमील याला निरोप दिला होता. तो आयझॉलला गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये आयझॉल भारताचा विजेता झाला. ज्या मोसमात हे घडले त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला, खालच्या श्रेणीत गेला आणि बंद झाला. खालिद जमील २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. डेम्पोने २०१६ साली दुसरी श्रेणी जिंकली, पण निषेधापायी आपली जागा सोडली. स्थानिक स्पर्धा खेळत राहिला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगच्या मैदानात उतरला. डेम्पोही एका उद्योगसमूहाचाच क्लब आहे, 'नवप्रभा' हे मराठी दैनिक चालवणाऱ्या समूहाचा. पण त्याच्याकडे गाव होते, स्थानिक लीग होती, आठवण होती. वाईट वर्षे त्याने वाईट वर्षे म्हणून काढली. उद्योगपतींना फुटबॉल कळत नाही, असा सरसकट आरोप मला करायचा नाही, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

आता जरा दूर जाऊ. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांच्या अंगावर जे क्लब असतात त्यांतले बरेच युरोपातले असतात. बार्सिलोना, मँचेस्टर, अलीकडे डॉर्टमुंडचा पिवळाही दिसतो. या मुलांना पुण्याच्या कुठल्याही क्लबाचे नाव सांगता येत नाही, म्हणून आमचे काही सहकारी त्यांना परकीय वेडाचे बळी ठरवतात. हा आरोप उलटा आहे. मुलांनी जिथे टिकाऊपणा दिसला तिथे जीव लावला. डॉर्टमुंडच्या शेजारी, गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या खाणींच्या गावात, १९०४ साली स्थापन झालेला शाल्के नावाचा क्लब आहे. त्याच्या चाहत्यांना आणि खेळाडूंना आजही खाणकामगार म्हणतात, जरी तिथल्या खाणी केव्हाच बंद झाल्या. या क्लबाचा २०२०-२१ चा मोसम हा निराशेचा वस्तुपाठ म्हणून अभ्यासक्रमात लावावा असा आहे. पहिल्या सामन्यात बायर्नकडून ८-० असा पराभव. आधीच्या मोसमापासून चालत आलेली, न जिंकलेल्या सामन्यांची मालिका तीसपर्यंत लांबली; १९६५-६६ मध्ये बर्लिनच्या टास्मानिया क्लबाने केलेला एकतीस सामन्यांचा नकोसा विक्रम एका सामन्याने हुकला, कारण ९ जानेवारी २०२१ ला मॅथ्यू हॉप या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन पोराने हॉफेनहाइमविरुद्ध तीन गोल केले आणि शाल्के ४-० असा जिंकला. एका मोसमात पाच प्रशिक्षक. चौतीस सामन्यांत तीन विजय, सोळा गुण. वीस कोटी युरोंहून अधिक कर्ज. २० एप्रिलला बीलेफेल्ड इथे हरून तीस वर्षांनी खालच्या श्रेणीत घसरण.

आणि तरीही क्लब कुठे गेला नाही. गेल्सेनकिर्शेन सोडून तो लाइपझिगला गेला नाही, त्याचे नाव बदलले नाही. जाऊ शकतच नव्हता, कारण तो कोणा एकाचा नाही. शाल्के ही कायद्याने नोंदणीकृत संस्था आहे, आपल्याकडे वाचनालय किंवा साहित्य परिषद असते तशी, आणि तिचे दीड लाखाहून अधिक सभासद आहेत. वर्गणी भरणारे, सर्वसाधारण सभेत मत देणारे. २०२२ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून संघ वर आला, २०२३ मध्ये पुन्हा खाली गेला. याला म्हणतात निराशाजनक हंगाम. एकामागून एक.

जर्मनीचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. बीलेफेल्डहून परतलेल्या शाल्केच्या खेळाडूंवर त्या रात्री काही चाहत्यांनी अंडी फेकली, पाठलाग केला. आपलेपणाचा हा चेहराही त्याच संस्थेचा आहे आणि तो किळसवाणा आहे. क्लबातली निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती असावीत या त्यांच्या नियमालाही अपवाद आहेत : लेव्हरकुझेन औषध कंपनीचा, वोल्फ्सबुर्ग फोक्सवागनचा. (याच फोक्सवागन समूहाच्या स्कोडाचा कारखाना २००१ साली आमच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत सुरू झाला, गाड्या इकडे आल्या, क्लबाची कल्पना काही आली नाही.) लाइपझिगच्या क्लबाने तर मताधिकार असलेले सभासद मूठभरच ठेवून नियमाचा शब्द पाळला आणि अर्थ बुडवला. पण अपवाद आहेत म्हणून नियम खोटा ठरत नाही. २०१७ मध्ये म्युनिकच्या १८६० या क्लबाची जी अवस्था झाली ती पुण्यातल्या वाचकाने नीट पाहावी. दुसऱ्या श्रेणीतून घसरलेल्या या क्लबाला तिसऱ्या श्रेणीचा परवाना मिळवण्यासाठी लागणारे पैसे गुंतवणूकदाराने भरले नाहीत. क्लब थेट चौथ्या श्रेणीत गेला, म्युनिकच्या जुन्या छोट्या मैदानावर आला, आणि तिथे लोक आले. वर्षभरात तो तिसऱ्या श्रेणीत परतला. मालकाने हात वर करणे ही घटना पुण्यात आणि म्युनिकमध्ये सारखीच आहे. फरक एवढाच, की म्युनिकमध्ये मालकाच्या हाताखाली आणखी कोणाचे तरी हात होते.

पुणे सिटी गुंडाळला गेला तेव्हा 'पुण्याच्या फुटबॉलची शोकांतिका' असे शब्द ठिकठिकाणी वाचायला मिळाले. 'शोकांतिका' हा मराठी पत्रकारितेतला दुसरा सैल शब्द. रस्त्यातल्या खड्ड्यांचीही हल्ली शोकांतिका होते. ज्यांनी ॲरिस्टॉटल निदान परीक्षेपुरता वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की शोकात्म अनुभवासाठी एक नाव लागते, ते नाव कृतीच्या आरंभापासून अखेरीपर्यंत टिकावे लागते, आणि पतन त्याच्या स्वतःच्या कृतीतून यावे लागते. लिअर वादळात सापडतो तेव्हा तो लिअरच असतो. दुसऱ्या अंकानंतर त्याची भूमिका आणि राज्य दुसऱ्या नाटकाला विकले गेले असते तर प्रेक्षकाने कोणासाठी रडायचे? शाल्केचा मोसम शोकात्म आहे, आणि बऱ्याच अंशी प्रहसनही आहे. पुण्याचा मोसम हा हिशेब आहे. वर्षअखेरचा ताळेबंद जुळला नाही, वही बंद केली.

आमच्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा, की फुटबॉल या मातीतला नाही, म्हणून इथे रुजत नाही. त्यात मालकांचा काय दोष. हा आक्षेप करणारे बहुधा कोल्हापूरला फक्त अंबाबाईच्या दर्शनाला जातात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की गावाची काय अवस्था होते, हे त्यांनी एकदा पाहावे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस : ही नावे तालमींची, मंडळांची आणि पेठांची आहेत. कुस्तीच्या आखाड्याशेजारी फुटबॉल वाढला. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. इथला खेळ राष्ट्रीय पातळीवर मोठा नाही, हे खरे. समर्थकांच्या हाणामाऱ्या होतात, स्पर्धा बंद पाडाव्या लागतात, हेही खरे. गेल्सेनकिर्शेनच्या अंड्यांचे हे चुलतभाऊ. पण पाटाकडील एका मोसमात हरली म्हणून ती सांगलीला विकली गेली, असे ऐकले आहे का कधी? शक्यच नाही. तालीम हरते तेव्हा पेठ वर्षभर टोमणे खाते, पानाच्या टपरीवर तोंड लपवते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी काढते. हे लोक 'निराशाजनक हंगाम' म्हणतात तेव्हा त्यांना तसे म्हणण्याचा अधिकार आहे. संस्थेच्या रचनेपुरते बोलायचे तर कोल्हापूर पुण्यापेक्षा शाल्केच्या जवळ आहे, हे ना कोल्हापूरला ठाऊक, ना पुण्याला.

तेव्हा माती बिती काही नाही. प्रश्न क्लब कोणाचा आहे हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो हुशार माणसे करतात. तोट्यातला व्यवसाय कोणी का चालवावा? उद्योगपतीने जन्मभर पैसे ओतत राहावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे संस्थानी आश्रयाची आस धरणे नव्हे काय? मान्य. कोणीही जन्मभर पैसे ओतू नयेत. महिंद्र युनायटेडचे उदाहरण घ्या. १९६२ पासूनचा हा मुंबईचा संघ. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला, दोनदा फेडरेशन चषक, तीनदा ड्युरँड जिंकलेला. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला आणि शालेय फुटबॉलवर खर्च करू असे जाहीर केले. कंपनीला तो अधिकार होता, आणि तिने निदान सभ्यपणे, सांगून, मोसम पूर्ण करून निरोप घेतला. माझी तक्रार कंपनी गेली ही नाही. ती गेली तेव्हा मागे काहीच उरले नाही, ही आहे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या नावाला, त्या लाल जर्सीला, त्या विजयांच्या नोंदींना वारस कोण, असे विचारायला एकही सभासद नव्हता, कारण सभासद नावाची वस्तूच त्या रचनेत नव्हती. प्रेक्षक हा ग्राहक होता. दुकान बंद झाल्यावर ग्राहकाने दुसरे दुकान शोधायचे असते.

आणि याचा वाङ्मयीन परिणाम काय होतो, हेही पाहा. मराठीत क्रिकेटवर जे चांगले ललित लेखन झाले, शिरीष कणेकर असोत की द्वारकानाथ संझगिरी, त्यामागे मुंबई संघाचे सातत्य उभे आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी लागोपाठ पंधरा वर्षे रणजी जिंकणारा संघ पुढे कधीतरी हरणार होताच. तो हरला तेव्हाही मुंबईच राहिला, म्हणून त्या हरण्यावर लिहिता आले. २०१५-१६ नंतर मुंबईला पुढच्या रणजी विजयासाठी २०२३-२४ पर्यंत थांबावे लागले, आणि ती मधली वर्षे दादर-माटुंग्याच्या माणसाला नामुष्कीची वाटली. नामुष्की वाटायलाही सातत्य लागते. पुण्याच्या चार क्लबांवर मराठीत चांगला म्हणावा असा एक ललित लेख माझ्या वाचनात नाही. लेखक कमी पडले असे मला वाटत नाही. आठवण धरायला जागाच उरली नाही.

इथे मला आपल्या घरात डोकावणे भाग आहे. ही चर्चा वाचणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मराठी विभागात शिकवतात किंवा शिकतात. तासिका तत्त्वावरील नेमणूक म्हणजे काय, हे त्यांना मी सांगणे आगाऊपणाचे ठरेल. जूनमध्ये मुलाखत, जुलै-ऑगस्टमध्ये रुजू, मार्चनंतर घरी. मानधन कधी येईल ते दैवाधीन. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच मुलाखत, त्याच माणसाची, त्याच पदासाठी. माझ्या परिचयातल्या एका अध्यापकाने अशी अकरा वर्षे काढली. त्याला विभागाचा इतिहास ठाऊक नाही असे नव्हे. त्या इतिहासात त्याचे नाव नाही. एखाद्या वर्षी एम.ए.ला विद्यार्थी कमी आले की 'विभाग चालवणे परवडत नाही' अशी कुजबुज सुरू होते. पूर्वी अशा वर्षी म्हणत, या वर्षी प्रवेश कमी झाले, पुढच्या वर्षी गावोगाव फिरू. आता कमी प्रवेश हे वाईट वर्ष मानले जात नाही, बंद करण्याचे कारण मानले जाते. फुटबॉल क्लबाला फ्रँचायझी करणारी बुद्धी आणि विभागाला 'युनिट' म्हणणारी बुद्धी एकच आहे. आणि विभागात आपण तरी सभासद आहोत की खेळाडू की प्रेक्षक, हे आपण स्वतःला विचारलेले नाही.

उलट उदाहरणही आमच्याच गावात आहे. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची. तिचे 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक किती वेळा रोडावले, किती अंक उशिरा आले, कोणत्या संपादकाच्या काळात ते वाचनीय होते आणि कोणत्या काळात नव्हते, यावर आम्ही तासन्‌तास भांडू शकतो. परिषदेच्या निवडणुकांतले राजकारण हा तर स्वतंत्र कादंबरीचा विषय आहे. पण हे भांडण शक्य आहे, कारण ते 'प्रतिष्ठान'च आहे, आणि भांडणाऱ्याकडे आजीव सभासदत्वाची पावती आहे. वाईट अंकाला वाईट अंक म्हणण्यासाठी पुढचा अंक निघावा लागतो.

जुलै २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगच्या चालकांनी, महासंघाशी असलेला करार संपत आला आणि पुढचे ठरले नाही म्हणून, येणारा मोसमच स्थगित केला. खेळाडूंचे पगार अडकले, क्लबांनी सराव थांबवले. आजवर संघ हंगामी होते. त्या उन्हाळ्यात हंगामच हंगामी झाला.

मग करायचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्याकडे मोठी योजना नाही. एक छोटी गोष्ट मात्र आहे आणि ती राज्य शासनाला जमण्यासारखी आहे. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. पुण्याचे क्लब तिथे खेळले. उद्या पाचवा क्लब येईल, नक्की येईल, कारण पुण्यात पैसा आहे आणि पैशाला अधूनमधून फुटबॉलची हौस येते. त्याच्याशी मैदानाचा करार करताना एक अट घालावी : क्लबाचे नाव, बोधचिन्ह, नोंदी आणि अकादमी यांची मालकी एका नोंदणीकृत संस्थेकडे राहील, तिचे सभासदत्व पुण्यातल्या कोणाही माणसाला वार्षिक वर्गणीवर मिळेल, आणि मालक बाहेर पडला तर या चार गोष्टी त्याच्याबरोबर जाणार नाहीत. पहिला संघ मोडला तरी चालेल. अकादमीतली पंधरा-सोळा वर्षांची पोरे जिल्हा लीगमध्ये त्याच जर्सीत खेळतील, हरतील, तळाला जातील. संस्था नोंदवण्याचा कायदा आपल्याकडे १८६० पासून आहे, आणि गावोगावच्या भजनी मंडळांनाही तो वापरता येतो. ही अट घातली तर गुंतवणूकदार येणारच नाहीत, असे क्रीडा खात्यातले कोणी म्हणेल. नाही आले तर बालेवाडीचे मैदान आज आहे तसेच राहील. आले तर त्यांच्या पहिल्या वाईट वर्षी, दहा संघांत सातवा नंबर आल्यावर, सभासदांची वार्षिक सर्वसाधारण सभा भरेल आणि तिथे प्रशिक्षकाला कोणी आणि का काढले याचा जाब विचारला जाईल. सभा लांबेल, कोणीतरी गणपूर्तीचा मुद्दा काढील, चहा थंड होईल. २०१९ साली पुण्यात अशी सभा भरली नाही, कारण ती भरवायला कोणीच नव्हते.